‘चार्ज’ कुठे, कसा आणि कोणत्या शब्दाबरोबर वापरावा: गोव्यात नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

कळंगुट किंवा कोलव्याच्या एखाद्या हॉटेलात संध्याकाळी रिसेप्शनवर उभे राहिले की तासाभरात ‘चार्ज’ हा शब्द चार निराळ्या अर्थांनी कानावर पडू शकतो. एक पाहुणा विचारतो, ‘व्हेअर कॅन आय चार्ज माय फोन?’ दुसरा म्हणतो, ‘डू यू चार्ज फॉर द लॉकर?’ तिसरा तणतणत आलेला असतो, ‘हू इज इन चार्ज हिअर?’ आणि लॉबीतल्या टीव्हीवर कोणाची तरी बातमी चालू असते, ‘चार्ज्ड विथ चीटिंग’. चारही वाक्ये सोपी आहेत. गडबड उडते ती उत्तर देताना, कारण आपल्या डोक्यात चार्ज म्हणजे एक तर मोबाईलचा, नाहीतर पैशांचा.

गोव्यात पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी माध्यमात जातात. शब्द पाठ होतात, पण त्या शब्दाच्या शेजारी काय बसते ते कोणी नीट सांगत नाही. ‘चार्ज’चे सगळे इंगित त्या शेजाऱ्यात आहे. पुढे ‘फॉर’ आला तर पैसे, ‘विथ’ आला तर बहुधा आरोप, ‘ॲट’ आला तर अंगावर धावून जाणे, ‘टू’ आला तर रक्कम कोणत्या खात्यावर लिहायची ते, आणि आधी ‘इन’ व नंतर ‘ऑफ’ असेल तर जबाबदारी. त्यामुळे हा शब्द सुटा पाठ करू नये, शेजाऱ्यासकट करावा.

पहिली पायरी: मूळ आणि उच्चार

लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी आणि ‘कार्रिकारे’ म्हणजे गाडीवर माल चढवणे. तो शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि ‘चार्ज’ झाला. मुरगाव बंदरातला ‘कार्गो’ याच घराण्यातला, आणि घरातल्या जुन्या माणसांना पोर्तुगीज येत असेल तर त्यांच्या ‘कार्गा’चा, म्हणजे ओझ्याचा, गोतही हाच. मूळ अर्थ भार चढवणे. बॅटरीवर विजेचा भार, गिऱ्हाइकावर पैशांचा, अधिकाऱ्यावर कामाचा, आरोपीवर गुन्ह्याचा. मराठी प्रतिशब्द घडवणाऱ्यांनीही हे बरोबर ओळखले होते: विद्युत प्रभार, अधिभार, कार्यभार, प्रभारी. सगळीकडे ‘भार’ आहेच. हे एवढे लक्षात ठेवले तर नवा वापर समोर आला तरी अंदाज बांधता येतो.

उच्चारात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. शेवटचा ‘ज’ ‘जीव’मधला आहे, ‘जहाज’मधला नाही. आपल्याकडे ‘चार्ज’ म्हणताना जीभ हमखास जहाजाच्या ‘ज’वर जाते आणि परदेशी माणसाला ‘चार्ड्झ’ असे काहीतरी ऐकू येते. दुसरे, भूतकाळ ‘चार्ज्ड’ असा एका दमात म्हणायचा. ‘चार्जेड’ असा उच्चार इंग्रजीत नाही. तिसरे, अनेकवचनाला मात्र एक जास्तीचा ठोका लागतो: ‘चार्-जिझ’. इंग्लंडचे पाहुणे ‘र’ जवळजवळ गिळतात, त्यांचे ‘चाऽज’ ऐकून गोंधळू नये. आपण ‘र’ म्हटला तरी त्यांना कळते.

दुसरी पायरी: पैशांचा चार्ज

रोजच्या कामात हाच अर्थ सर्वांत जास्त लागतो आणि चुकाही इथेच जास्त होतात.

क्रियापद म्हणून त्याची घडण अशी: कोणाला, किती, कशासाठी. ‘वी चार्ज द गेस्ट फाइव्ह हंड्रेड रुपीज फॉर लॉन्ड्री.’ मराठीत आपण पाहुण्या‘कडून’ पैसे घेतो, म्हणून इंग्रजीत ‘वी चार्ज फ्रॉम द गेस्ट’ असे तोंडून निघते. ते चूक. ‘फ्रॉम’ नको, ‘टू द गेस्ट’ही नको. चार्जनंतर माणूस थेट येतो. कशाचे पैसे, ते ‘फॉर’ने सांगायचे, ‘चार्ज ऑफ लॉन्ड्री’ म्हणू नये.

‘टू’ येतो तो माणसासाठी नव्हे, खात्यासाठी. रेस्टॉरंटमध्ये जेवून झाल्यावर पाहुणा म्हणतो, ‘प्लीज चार्ज इट टू माय रूम.’ म्हणजे आता पैसे देत नाही, माझ्या खोलीच्या बिलात लिहा. खोलीत चार्ज नेऊन द्या, असा अर्थ लावून कोणी चार्जर घेऊन वर गेला तर हसे होते. अशा वेळी लगेच मान हलवू नये. खोली क्रमांक आणि नाव विचारावे, बिलावर सही घ्यावी, आणि त्या खोलीला उधारीची मुभा आहे का ते रिसेप्शनकडून तपासावे. खोलीचे पैसे ट्रॅव्हल एजंटाने भरले असतील तर वरचा खर्च पाहुण्याचा स्वतःचा असतो, आणि त्यासाठी रिसेप्शनने कार्ड किंवा अनामत घेतलेली नसेल तर तो चेक-आउटला वसूल करताना तारांबळ उडते.

भाव सांगताना चार भाग याच क्रमाने सांगायची सवय लावावी: रक्कम, कशाला लागू, त्यात काय धरले आहे, काय धरलेले नाही. ‘वी चार्ज टू थाउजंड रुपीज पर नाइट फॉर ॲन एक्स्ट्रा बेड. ब्रेकफस्ट इज इन्क्लूडेड. टॅक्स इज एक्स्ट्रा.’ यातला ‘पर’ विसरला की भांडण ठरलेले. पर नाइट, पर पर्सन, पर अवर, पर किलोमीटर: दोन हजार एका रात्रीचे की तीन रात्रींचे, हे ‘पर’शिवाय कळत नाही. आकड्यांतही एक खड्डा आहे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ गोंगाटात सारखेच ऐकू येतात. ‘फिफ्टीन’मध्ये जोर शेवटच्या ‘टीन’वर ओढून द्यावा, ‘फिफ्टी’मध्ये पहिल्या ‘फिफ्’वर. त्यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे आकडा मोबाईलवर टाइप करून दाखवणे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कॅल्क्युलेटर पुढे करणारे दुकानदार इंग्रजी कच्चे म्हणून तसे करत नाहीत, व्यवहार पक्का म्हणून करतात.

प्रत्येक पैशाला ‘चार्ज’ म्हणायचे नसते. बसला, टॅक्सीला, विमानाला ‘फेअर’. डॉक्टर, वकील, शाळा यांची ‘फी’. खोलीचा ‘रेट’ किंवा ‘टॅरिफ’. वस्तूची ‘प्राइस’. नियम मोडला तर ‘फाइन’. ‘चार्ज’ मुख्यतः सेवेसाठी किंवा वरच्या खर्चासाठी: पार्किंग चार्ज, वेटिंग चार्ज, नाइट चार्ज, कॅन्सलेशन चार्ज, लेट चेक-आउट चार्ज. ‘बस चार्ज किती?’ हे मराठीत खपते. इंग्रजीत ‘व्हॉट इज द फेअर टू मडगाव?’ असे विचारावे. पण टॅक्सीवाल्याला किंवा पायलटला ‘हाउ मच डू यू चार्ज टू पणजी?’ विचारणे बरोबर आहे, कारण तिथे प्रश्न त्या माणसाच्या मागणीचा आहे. जाता जाता: मोटारसायकलवर भाडे मारणाऱ्याला आपण ‘पायलट’ म्हणतो, हे नव्या पर्यटकाला आधी सांगावे लागते. नाहीतर ‘टेक अ पायलट’ ऐकून तो विमान शोधू लागेल.

फुकट या अर्थी ‘फ्री ऑफ चार्ज’ किंवा ‘ॲट नो एक्स्ट्रा चार्ज’ म्हणावे. ‘फॉर फ्री ऑफ चार्ज’ नको. फेरीबोटीबद्दल कोणी विचारले तर असे सांगता येते: ‘पीपल ऑन फूट ट्रॅव्हल फ्री ऑफ चार्ज, देअर इज अ चार्ज फॉर कार्स.’ ‘फ्री ऑफ कॉस्ट’ आपल्या देशात सर्रास चालते, बाहेरच्यालाही समजते, पण ते इथलेच आहे हे माहीत असलेले बरे.

आता तीन चार्ज, ज्यांवरून गोव्यात खरोखर वाद होतात.

कव्हर चार्ज. हणजुणे-वागातोरच्या क्लबात दारावर घेतात तो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ही रक्कम आत खाण्यापिण्यात वळती होते. युरोप-अमेरिकेत कव्हर चार्ज म्हणजे नुसते आत जाण्याचे किंवा टेबलावर बसण्याचे पैसे, परत काही मिळत नाही. त्यामुळे परदेशी पाहुणा मिळणारे कूपन न मागताच निघून जातो, आणि देशी पाहुणा न मिळणाऱ्या कूपनासाठी भांडतो. दारावरच्या माणसाने एक वाक्य पाठच करावे: ‘द कव्हर चार्ज इज फुली रिडीमेबल अगेन्स्ट फूड अँड ड्रिंक्स.’ वळती होत नसेल तर ‘इट इज नॉट रिडीमेबल.’ अर्धीच होत असेल तर किती, तो आकडा सांगावा.

कॉर्केज चार्ज. लग्नात किंवा वाढदिवसाला यजमान स्वतःची दारू आणतो, तेव्हा ती उघडून वाढण्याचे हॉटेल घेते ते पैसे. हे बाटलीमागे आहेत की डोईमागे, हे बुकिंगच्याच वेळी लेखी घ्यावे. ‘पर बॉटल’ आणि ‘पर हेड’ यांत दोनशे माणसांच्या समारंभात केवढा फरक पडतो, ते कागदावर मांडून बघा.

सर्व्हिस चार्ज. हा सर्वांत नाजूक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली की हॉटेल-रेस्टॉरंटने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगावे, आणि दुसऱ्या नावानेही वसूल करू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वे उचलून धरली. ग्राहकाची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, जाऊ शकते. पाहुण्याने ‘प्लीज रिमूव्ह द सर्व्हिस चार्ज’ म्हटले तर हुज्जत न घालता ‘शुअर, आय विल ब्रिंग यू अ रिव्हाइज्ड बिल’ म्हणावे आणि कॅशियरकडे जावे. नवे वेटर हमखास सांगतात की ‘इट इज गव्हर्नमेंट टॅक्स’. ते खोटे आहे. सरकारी आहे तो जीएसटी. तो टॅक्स, चार्ज नव्हे, आणि तो काढता येत नाही. खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे, त्याहून वर १८ टक्के. हे दोन आकडे रिसेप्शनवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ हवेत.

कार्डाच्या बाबतीत पाहुणे विचारतात, ‘विल माय कार्ड बी चार्ज्ड नाउ?’ चेक-इनला आपण बहुतेक वेळा रक्कम फक्त अडवून ठेवतो, कापत नाही. उत्तर: ‘नो, इट इज ओन्ली अ होल्ड. यू विल बी चार्ज्ड ॲट चेक-आउट.’ हे न सांगितल्यास पाहुण्याला फोनवर संदेश दिसतो आणि त्याला वाटते की दोनदा पैसे गेले. खरोखरच दोनदा गेले तर तो म्हणेल, ‘आय वॉज चार्ज्ड ट्वाइस’ किंवा ‘यू ओव्हरचार्ज्ड मी.’ दुसरे वाक्य जरा लागते, पण त्यात शिवी नाही. आधी बिल आणि मशीनची पावती शेजारी ठेवून तारीख, वेळ, रक्कम ताडून बघावी, मग ‘द सेकंड चार्ज विल बी रिव्हर्स्ड’ म्हणावे. किती दिवसांत, ते बँकेवर असते, म्हणून छातीठोक तारीख देऊ नये.

घरच्या वीज बिलावरही हा शब्द दोनदा येतो. ‘फिक्स्ड चार्ज’ हा मंजूर भारावर ठरतो, पंखाही लावला नाही तरी येतो. ‘एनर्जी चार्ज’ हा वापरलेल्या युनिटांवर. गावी कुलूप लावून गेलेल्या भाडेकरूला रिकाम्या घराचे बिल का आले, याचे उत्तर पहिल्या ओळीत असते. गोव्याचे हे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो, त्यामुळे लाइनमनशी वाद घालून काही होत नाही.

तिसरी पायरी: बॅटरी

मराठीत ‘मोबाईलचा चार्ज संपला’ म्हणतो. इंग्रजीत ‘माय चार्ज इज ओव्हर’ म्हटले तर समोरच्याला वाटेल तुमचा पदभार गेला. ‘माय फोन इज डेड’, ‘आय ॲम आउट ऑफ बॅटरी’ किंवा ‘माय फोन नीड्स चार्जिंग’ म्हणावे. फोन चार्जिंगला लावला आहे: ‘इट इज चार्जिंग.’ ‘आय हॅव केप्ट इट फॉर चार्जिंग’ हे आपले घरगुती इंग्रजी. समजते, पण लांबलचक आहे.

‘रिचार्ज’ म्हणजे आपल्याकडे सिमवर पैसे टाकणे. ब्रिटिश पाहुणा त्याला ‘टॉप-अप’ म्हणतो. तो ‘आय नीड टू रिचार्ज’ म्हणाला तर बहुधा त्याला बॅटरी भरायची असते, किंवा थकून झोपायचे असते. नुसते सिमकार्डाच्या दुकानाकडे बोट दाखवू नये, ‘युवर फोन ऑर युवर सिम?’ असे विचारून घ्यावे.

पाहुण्याचा चार्जर आपल्या सॉकेटात बसत नसेल तर त्याला ‘ॲडॅप्टर’ द्यायचा. पण आधी चार्जरवरची बारीक अक्षरे वाचावीत. ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ लिहिले असेल तर नुसता ॲडॅप्टर पुरतो. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२० च्या आसपास. तिकडचा केस वाळवायचा ड्रायर किंवा इस्त्री फक्त १२० व्होल्टची असेल आणि ती ॲडॅप्टर लावून आपल्या भिंतीत खुपसली, तर ती जळते आणि बऱ्याचदा मजल्याचा फ्यूजही नेते. ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

पॉवर बँकेवरचा ‘एमएएच’ हा चार्जचाच आकडा आहे: मिलिॲम्पिअर-तास. विमानतळावर मात्र वॉट-तास विचारतात. हिशेब सोपा आहे: एमएएचला बॅटरीच्या व्होल्टेजने, म्हणजे बहुधा ३.७ ने, गुणायचे आणि १,००० ने भागायचे. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तास होते, म्हणजे १०० च्या मर्यादेत. ती हातातल्या बॅगेत न्यायची, चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही. दाबोळीला असो वा मोपाला, चेक-इनच्या बॅगेत ती सापडली की बॅग अडते. पाहुण्याला निघतानाच एक वाक्य सांगून ठेवावे: ‘प्लीज कीप युवर पॉवर बँक इन युवर हँड बॅगेज.’

एसी-फ्रिजच्या मेकॅनिकचा ‘गॅस चार्ज’ही मुळात भरणे या अर्थानेच. यंत्राच्या पट्टीवर कोणता गॅस आणि किती वजनाचा, ते छापलेले असते. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटची कॉइल गंजते, गॅस गळतो, आणि मेकॅनिक गळती न शोधता नुसता गॅस भरून जातो. थोड्या दिवसांत पुन्हा तेच. आधी गळती शोधून बंद करणे, मग व्हॅक्यूम, मग वजन करून गॅस, हा क्रम त्याच्याकडून वदवून घ्यावा आणि मगच ‘हाउ मच डू यू चार्ज फॉर गॅस चार्जिंग?’ विचारावे. एकाच वाक्यात दोन्ही चार्ज, आणि इंग्रजी अगदी शुद्ध.

चौथी पायरी: इन चार्ज

‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे त्या कामाचा जबाबदार. ‘शी इज इन चार्ज ऑफ हाउसकीपिंग.’ आपण मात्र ‘इनचार्ज’ हे एका शब्दाचे नाम केले आहे: ‘इनचार्जना विचारा’, ‘तो आमचा इनचार्ज’. भारतात कोणी अडणार नाही. बाहेरच्या माणसाशी बोलताना ‘द पर्सन इन चार्ज’ किंवा सरळ ‘द मॅनेजर’ म्हणावे.

इथे एका ‘द’ने अर्थ उलटा होतो. ‘द नॅनी इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’: आया मुलाला सांभाळते. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नॅनी’: मूल आयेच्या ताब्यात आहे. ‘द चाइल्ड इज इन चार्ज’ लिहिले तर मूलच घर चालवते आहे. (काही घरांत ते खरेही असते.)

‘हू इज इन चार्ज हिअर?’ असे कोणी आवाज चढवून विचारले, तर त्याला नाव नको असते, तोडगा हवा असतो. ‘आय डोन्ट नो’ हे सर्वांत वाईट उत्तर. ‘आय ॲम ॲट द डेस्क टुनाइट. मे आय हेल्प, ऑर शॅल आय कॉल द ड्यूटी मॅनेजर?’ एवढे म्हटले की निम्मा राग उतरतो.

पाळी बदलताना ‘हँडिंग ओव्हर चार्ज’ आणि ‘टेकिंग ओव्हर चार्ज’ हे शब्द लॉगबुकात लिहितात. चार्ज घेणाऱ्याने गल्ला स्वतः मोजावा, मास्टर किल्ल्या मोजाव्यात, पहाटेचे वेक-अप कॉल, लवकर निघणारे पाहुणे आणि मिटायच्या राहिलेल्या तक्रारी वाचाव्यात, मगच सही करावी. सही झाली की गल्ल्यातली तूट घेणाऱ्याच्या नावावर. दुसरा घाईत असतो, बस सुटायची असते, तरी मोजावे.

वर्तमानपत्रात येणारा ‘ॲडिशनल चार्ज’ म्हणजे आपले खाते सांभाळून दुसऱ्याचेही पाहणे. मनोहर पर्रीकर मार्च २०१७ मध्ये संरक्षणमंत्रिपद सोडून मुख्यमंत्री म्हणून गोव्यात परतले, तेव्हा संरक्षण खात्याचा ॲडिशनल चार्ज अरुण जेटलींकडे गेला. ‘इंडिपेंडंट चार्ज’ वेगळा: राज्यमंत्री, पण खात्यात वर कॅबिनेट मंत्री नाही. श्रीपाद नाईक यांच्याकडे २०१४ मध्ये आयुष खाते याच पद्धतीने आले. मराठी बातमीत ‘स्वतंत्र कार्यभार’ वाचले की तेच.

पाचवी पायरी: पोलीस आणि कोर्ट

‘चार्ज’ला ‘विथ’, ‘अक्यूज’ला ‘ऑफ’. ‘ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट’, ‘ही वॉज अक्यूज्ड ऑफ थेफ्ट’. ‘चार्ज्ड ऑफ थेफ्ट’ ही चूक इंग्रजी बातम्यांतही अधूनमधून दिसते.

भारतात या शब्दाला दोन टप्पे आहेत. एफआयआर नोंद होते, तपास होतो, पोलीस आरोपपत्र म्हणजे ‘चार्जशीट’ कोर्टात देतात. त्यानंतर न्यायाधीश कागद पाहून, आधार दिसला तर, आरोप निश्चित करतात, त्याला ‘फ्रेमिंग ऑफ चार्जेस’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत चार्जशीटचे कलम १९३ आहे. जुन्या संहितेत ते १७३ होते. आरोपी कोठडीत असताना ६० दिवसांत, किंवा मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत, चार्जशीट आली नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून ‘चार्जशीट फाइल्ड’ आणि ‘चार्जेस फ्रेम्ड’ यांत महिन्यांचे, कधी वर्षांचे अंतर असते, आणि दोन्हींत कोणी दोषी ठरलेला नसतो. ब्रिटनच्या बातमीत ‘चार्ज्ड’ म्हणजे आरोप अधिकृतपणे ठेवला, आता खटला. तिथेही दोषी म्हणजे ‘कन्व्हिक्टेड’.

चोरी झालेला पर्यटक कधी म्हणतो, ‘आय डोन्ट वॉन्ट टू प्रेस चार्जेस.’ मला प्रकरण वाढवायचे नाही, एवढाच अर्थ. पण दखलपात्र गुन्ह्यात खटला सरकार चालवते. त्याच्या एका वाक्याने फाइल मिटत नाही. हे त्याला पोलिसांनीच सांगू द्यावे, हॉटेलवाल्याने मधे कायदा शिकवू नये.

ऑफिसातली चार्जशीट वेगळी. ती खात्यांतर्गत चौकशीची असते, पोलिसांशी संबंध नाही. ‘त्याला चार्जशीट मिळाली’ ऐकून लगेच जेल धरू नये.

सहावी पायरी: अंगावर येणारा चार्ज

भाला रोखून, शस्त्र सज्ज करून धावून जाणे, यातून बहुधा हा अर्थ आला. ‘द बुल चार्ज्ड ॲट हिम.’ गवा हा गोव्याचा राज्य प्राणी. सत्तरीत किंवा मोल्याच्या बाजूला पर्यटक गाडीतून उतरून फोटो काढू लागले तर ‘डोन्ट गो क्लोजर, इट मे चार्ज’ हे सहा शब्द जोरात म्हणता यायला हवेत. इथे ‘चार्ज’पुढे काहीच नाही, तरी पैशांचा अर्थ कोणी घेणार नाही.

फुटबॉलमध्ये ‘चार्ज’ म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अंगाने रेटणे. चेंडू खेळण्याच्या अंतरात असताना खांद्याला खांदा लावून रेटणे चालते. बेफिकीरपणे, बेदरकारपणे किंवा अवाजवी जोराने रेटले तर नियम १२ प्रमाणे डायरेक्ट फ्री किक. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर शेजारी बसलेला माणूस ‘फेअर चार्ज!’ ओरडला तर तो पंचाच्या बाजूने आहे की विरुद्ध, हे त्याच्या संघावरून ओळखावे.

‘लाठीचार्ज’ आपला देशी शब्द. परदेशी माणसाला ‘बॅटन चार्ज’ सांगितले की कळते.

मागेपुढे जोडलेले

‘सरचार्ज’ म्हणजे अधिभार, ठरलेल्या रकमेवर आणखी. ‘चार्जेबल’ म्हणजे पैसे लागतील: ‘एक्स्ट्रा टॉवेल्स आर चार्जेबल.’ ‘चार्ज्ड’ वातावरण म्हणजे तापलेले. बँकेच्या कागदात घरावर ‘चार्ज’ असेल तर कर्ज फिटेपर्यंत त्या घरावर बँकेचा हक्क आहे. फ्लॅट घेणाऱ्याने हे आधी तपासावे.

‘डिस्चार्ज’ म्हणजे चढवलेला भार उतरवणे. बांबोळीच्या गोमेकॉतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातून, रुग्णाला मिळतो तो डिस्चार्ज: ‘शी वॉज डिस्चार्ज्ड फ्रॉम हॉस्पिटल.’ इथे ‘फ्रॉम’ बरोबर. पण जखमेबद्दल डॉक्टर विचारतील, ‘इज देअर एनी डिस्चार्ज?’ तेव्हा ते पू किंवा पाणी येते का विचारत असतात, घरी कधी सोडणार ते नव्हे. रुग्णाबरोबर आलेल्याने हा फरक जरूर ध्यानात ठेवावा, कारण ‘येस, टुमॉरो’ असे उत्तर दिले की डॉक्टर गोंधळतात आणि खरी माहिती राहून जाते.

जहाजावर जाणाऱ्या तारवटींच्या हातात असते ती सीडीसी, म्हणजे कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट. इथला डिस्चार्ज म्हणजे जहाजावरची नोकरी संपवून उतरणे, ज्याला बोलताना ‘साइन-ऑफ’ म्हणतात. प्रत्येक फेरीची नोंद त्यात होते: जहाजाचे नाव, हुद्दा, चढल्याची व उतरल्याची तारीख आणि ठिकाण. पुढच्या कंपनीत समुद्रावरचा अनुभव मोजला जातो तो या नोंदींवरून. म्हणून उतरायच्या दिवशी सामान बांधण्याआधी सीडीसी परत मागून घ्यावी, तारखा करारपत्राशी ताडाव्यात, सही आणि शिक्का दोन्ही उमटले आहेत ना ते पाहावे. जहाज एकदा बंदरातून निघून गेले की तो शिक्का मिळवायला महिने जातात.